खानदानी कुत्र्याचं काळीज



आज मी एका कुत्र्याबद्दल बोलणार आहे. आपल्या आळीतल्या नव्हे, इंग्लंडच्या राजाच्या. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल असं त्याचं लांबलचक नाव. कुत्रा मात्र मांडीवर मावेल एवढा. वजन साडेपाच ते आठ किलो, रेशमासारखे केस, गालांवरून खाली लोंबणारे कान आणि मोठे काळेभोर डोळे. त्या डोळ्यांनी त्यानं तुमच्याकडे पाहिलं की हातातला घास त्याच्या तोंडात गेलाच म्हणून समजा. स्वभाव असा की घरात चोर शिरला तर त्याचेही पाय चाटील. राखणीला निरुपयोगी, सोबतीला लाखात एक.

कवीनं कुत्र्यांच्या तब्येतीवर कशाला बोलावं, असं तुमच्या मनात आलं असेल. मला त्यात ओढलं ते एका शब्दानं. खानदानी. माणसांच्या बाबतीत हा शब्द वापरताना आपण आता निदान थोडं अडखळतो. जनावरांच्या बाबतीत तो बेधडक वापरतो, आणि त्याचे पैसेही मोजतो. त्या पैशांत नेमकं काय विकत मिळतं, हे या छोट्या कुत्र्याच्या गोष्टीतून फार स्वच्छ दिसतं.

बी.ए.ला मला इतिहास होता. त्यात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आम्ही तारखांपुरता शिकलो. त्याच्या कुत्र्यांबद्दल सरांनी काही सांगितलं नाही. खरं तर सांगायला हवं होतं. सतराव्या शतकातला हा राजा या छोट्या स्पॅनियलांचा इतका वेडा होता की त्याच्याच नावानं ही जात ओळखली जाऊ लागली. सॅम्युएल पीप्स या दरबारी कारकुनाची रोजनिशी प्रसिद्ध आहे. राज्यकारभाराची बैठक चालू असताना राजा कुत्र्याशी खेळत बसतो, अशी तक्रार त्यानं १६६७ साली लिहून ठेवली आहे. त्या काळातल्या चित्रांत हे कुत्रे दिसतात. तोंड पुढे आलेलं, नाक चांगलं लांब, कवटी सपाट. पुढे व्हिक्टोरिया राणीचा डॅश नावाचा असाच एक लाडका होता. १८३८ मध्ये राज्याभिषेकाचा सोहळा उरकून राणी महालात परतली आणि तिनं डॅशला आंघोळ घातली, असं तिचे चरित्रकार सांगतात.

पण याच एकोणिसाव्या शतकात फॅशन बदलली. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री लोकांना आवडू लागली. मग स्पॅनियलचंही नाक आत गेलं, कपाळ घुमटासारखं वर आलं. पन्नास-साठ वर्षांत चित्रातला कुत्रा चित्रातच राहिला. या बसक्या तोंडाच्या जातीला आज नुसतं किंग चार्ल्स स्पॅनियल म्हणतात. आपला कॅव्हेलियर तो वेगळा.

तो आला कुठून, त्याची कथा मोठी गमतीची आहे. रॉसवेल एल्ड्रिज नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. जुन्या चित्रांतला लांब नाकाचा स्पॅनियल विकत घ्यावा या हौसेनं ते इंग्लंडात आले. एकही सापडेना. तेव्हा त्यांनी १९२६ च्या क्रफ्ट्स या मोठ्या श्वानप्रदर्शनात बक्षीस लावलं. जुन्या वळणाचा नर आणि मादी आणून दाखवा, पंचवीस-पंचवीस पौंड मिळतील. अट काय? तोंड लांब हवं, कवटी सपाट हवी, घुमटाकडे झुकणारी नको. त्या काळी पंचवीस पौंड ही बरी रक्कम होती. काही हौशी लोक कामाला लागले. बसक्या तोंडाच्या जोडप्यांना अधूनमधून लांब नाकाचं पिल्लू व्हायचं, ते आजवर बाजूला टाकलं जायचं. आता तेच वेचून ठेवलं जाऊ लागलं. १९२८ मध्ये या नव्या-जुन्या कुत्र्याचा क्लब निघाला आणि ‘अॅन्स सन’ नावाच्या एका नराला समोर ठेवून आदर्श कॅव्हेलियर कसा असावा ते लिहिलं गेलं. या कुत्र्याला फॅशनपासून जपायचं, कातरून-सजवून त्याचं रूप बदलायचं नाही, असंही त्या मंडळींनी ठरवलं. एल्ड्रिज त्याच वर्षी वारले. १९४५ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबनं ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली.

हेतू पाहिला तर या गोष्टीत नाव ठेवायला जागा नाही. पण हिशेब पाहा. वेचलेली थोडी कुत्री, त्यात दुसऱ्या महायुद्धात कुत्री पाळणं अवघड होऊन संख्या आणखी घटली. युद्धानंतर जी मूठभर शिल्लक राहिली त्यांच्यापासून आजची जगभरची सगळी प्रजा वाढली. म्हणजे एका वाड्यातल्या चार चुलत्यांच्या पोरांनी आपसातच सोयरिकी करत एक अख्खं गाव वसवावं, तसं झालं. त्यात श्वानप्रदर्शनांची भर. एखादा नर चॅम्पियन ठरला की देशभरचे लोक आपापल्या माद्या घेऊन त्याच्याकडे धावतात. मादीला आयुष्यात चार-पाच वेतं होतात, नराला अशी मर्यादा नाही. एका देखण्या नराची शेकडो पिल्लं होतात, आणि त्याच्या रक्तात जे काही लपलेलं असेल ते शेकडो घरांत पोचतं.

लपलेलं काय होतं? पहिलं म्हणजे हृदय.

हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये एक झडप असते. रक्त पुढे गेलं की ती मिटते, त्याला मागे येऊ देत नाही. कॅव्हेलियरमध्ये ही झडप लवकर जाड होते, गाठाळते, नीट मिटेनाशी होते. रक्त थोडं थोडं मागे गळू लागतं. डॉक्टरनं छातीला स्टेथोस्कोप लावला की ठोक्यांच्या मध्ये सुस्कारल्यासारखा आवाज येतो. त्याला मर्मर म्हणतात. म्हाताऱ्या लहान कुत्र्यांना हा आजार होतोच. पण कॅव्हेलियरला तो म्हातारपणाची वाट पाहू देत नाही. पाचव्या वर्षाच्या सुमाराला जवळपास निम्म्या कुत्र्यांत मर्मर ऐकू येते, दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक सगळ्यांत. पुढे हृदय फुगतं, फुप्फुसांत पाणी होतं, कुत्रं रात्री उभं राहून धापा टाकतं. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजनं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यात सुमारे ३१ टक्के कॅव्हेलियरांमध्ये मर्मर नोंदलेली होती आणि त्यांचं मधलं आयुर्मान दहा वर्षांच्या आत-बाहेर भरलं. इतक्या लहान चणीची कुत्री बारा-चौदा वर्षं सहज जगतात. औषधं आहेत, नाही असं नाही. पिमोबेंडान नावाचं औषध हृदय फुगल्यावर, पण ते थकण्याआधी सुरू केलं तर धाप लागण्याची वेळ सरासरी पंधरा महिने पुढे जाते, हे २०१६ मध्ये सिद्ध झालं. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे पुष्कळ. पण औषध आजार झालेल्याला. जन्माला येणाऱ्यासाठी काय?

इथे सगळी गुंतागुंत वयाची आहे. मादी दीड-दोन वर्षांत विण्याजोगी होते. तेव्हा तिचं हृदय घड्याळासारखं चालत असतं. डॉक्टर तपासतो, मान डोलावतो, प्रमाणपत्र देतो. त्यात खोटं काही नसतं. सहाव्या वर्षी तिची झडप गळू लागते, तोवर ती आजी झालेली असते आणि तिच्या नातींचीही बाजारात मागणी सुरू झालेली असते. विस्तव दिसेपर्यंत गंजी पेटून गेलेली.

यावर हृदयतज्ज्ञांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक उपाय सांगितला. उपाय साधा, पण नीट ऐका. कुत्रा किंवा कुत्री अडीच वर्षांची होईपर्यंत तिला जोडीला लावायचं नाही. अडीच वर्षांनी तिचं हृदय स्वच्छ असलं पाहिजे, आणि शिवाय तिच्या आईबापांची हृदयं त्यांच्या पाचव्या वर्षी स्वच्छ असली पाहिजेत. यातली खुबी अशी की आईबापांनीही अडीच वर्षं थांबूनच तिला जन्म दिला असेल, तर ती अडीच वर्षांची होईल तेव्हा ते बरोबर पाच वर्षांचे असतात. म्हणजे कुणाला फुकट थांबावं लागत नाही. फक्त घाई करता येत नाही. आणि पिल्लांच्या धंद्यात सगळ्यात महाग गोष्ट कोणती असेल तर थांबणं. शिवाय जो नर दीड वर्षाचा असताना चॅम्पियन झाला, त्याच्या दाराशी रांग लागलेली असताना त्याला आणखी वर्षभर नुसता बसवून ठेवायला मालकाचं मन फार मोठं लागतं.

माझी एक भाची इंग्लंडात असते. आमचं घराणं कोकणातलं. घरात कुत्रं ही गोष्ट आमच्याकडे सहजासहजी होत नाही. त्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजाआधी धुवावं लागतं, वगैरे वगैरे. तिनं कुत्रा घ्यायचं ठरवलं तेव्हा तिच्या अम्मीनं फोनवर बराच आकांत केला. मी मध्यस्थी केली. म्हटलं, गुहेत झोपलेल्या त्या नेक मंडळींची गोष्ट कुराणात आहे, त्यांच्या दाराशी पाय पसरून बसलेला कुत्राही त्या गोष्टीत आहेच. तहानेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजलं म्हणून एका बदनाम बाईचे गुन्हे माफ झाल्याची हदीस तर तूच आम्हाला सांगायचीस. अम्मी म्हणाली, ‘पाणी पाजायला कोण नको म्हणतंय? उशाशी नको.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. भाचीनं मला एका पिल्लाची वंशावळ पाठवली. ‘मामू, बघा, किती लाल नावं आहेत!’ तिकडे चॅम्पियन कुत्र्यांची नावं वंशावळीत लाल शाईनं लिहायची पद्धत आहे. पाच पिढ्यांचा तो तक्ता एखाद्या नवाबाच्या शजऱ्यासारखा दिसत होता. मी तो दोन-तीनदा वाचला आणि तिला विचारलं, ‘बेटा, यातला कोण किती वर्षं जगला आणि कशानं गेला, ते कुठे लिहिलंय?’ तसा रकानाच नव्हता. नावं होती, किताब होते, रंग होता. वय नव्हतं. तिनं विकणाऱ्या बाईंना पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं की पिल्लाची पशुवैद्याकडून तपासणी झालेली आहे. आठ आठवड्यांच्या पिल्लाची! त्या वयात झडपेनं काय सांगावं?

मग तिनं शोध चालू ठेवला. शेवटी तिनं पिल्लू घेतलंच नाही. एका बाईंकडे सहा वर्षांची मादी होती, दोन वेतं झाल्यावर निवृत्त केलेली, हृदय दर वर्षी तपासलेलं आणि अजून स्वच्छ. तिला चांगलं घर हवं होतं. सहा वर्षांच्या कुत्र्याची वंशावळ कशाला वाचायची, त्याची छातीच ऐकता येते.

आता दुसरा आजार. हा सांगताना मला जड जातं.

कॅव्हेलियरची कवटी मागच्या बाजूनं अपुरी असते. मेंदू मात्र पुरता. पायलीच्या मापात दीड पायली धान्य कोंबलं तर ते कडेनं सांडणारच. इथे मागचा लहान मेंदू कवटीच्या बुडाशी असलेल्या भोकातून खाली सरकतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी खेळतं राहायला हवं, त्याची वाट अडते. मग ते मज्जारज्जूच्या आतच पोकळ्या करून साचतं. याला सिरिंगोमायेलिया म्हणतात. ब्रिटनमधल्या पशुवैद्य क्लेअर रस्ब्रिज यांनी वर्षानुवर्षं या एका आजाराचा पाठपुरावा केला आहे. लक्षण असं, की चालता चालता कुत्रं एका बाजूला वाकतं आणि मागच्या पायानं मानेजवळची हवा खाजवतं. पाय कातडीला लागतही नाही. पाहणाऱ्याला हसू येतं. मालकांना वर्षभर वाटतं की पिसवा झाल्या असतील, पट्टा काचत असेल. काही कुत्री मान उंचावर ठेवल्याशिवाय झोपत नाहीत, काही उचलून घेताना किंचाळतात. काहींना मात्र पोकळ्या असूनही वरून काहीच दिसत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मालकांच्या मते ठणठणीत असलेल्या ५५५ कॅव्हेलियरांचे एमआरआय पाहिले गेले. वर्षाच्या कुत्र्यांत सुमारे २५ टक्क्यांमध्ये पोकळ्या होत्या. सहा वर्षं आणि वरच्यांत ७० टक्क्यांमध्ये.

इथेही वयाचाच घोळ. आणि तपासणी स्टेथोस्कोपनं होत नाही, कुत्र्याला भूल देऊन एमआरआय काढावा लागतो. खर्च मोठा. पण त्याचा उपयोग होतो हेही दिसलं आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, आई आणि बाप दोघंही पोकळ्यांपासून मुक्त असतील तर ७० टक्के संतती मुक्त निघाली. दोघंही बाधित असतील तर ९२ टक्के बाधित. आठ टक्के वाचली ती नशिबाची.

ज्या एल्ड्रिजसाहेबांनी कवटीच्या आकारावर बक्षीस लावलं, त्यांच्या कुत्र्याचं दुखणं पुन्हा कवटीतच निघावं, हा योग मला फार विचित्र वाटतो.

१९ ऑगस्ट २००८ रोजी बीबीसीवर ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ नावाचा जेमिमा हॅरिसन यांचा माहितीपट दाखवला गेला. त्यात वेदनेनं तळमळणारे कॅव्हेलियर दिसले. सिरिंगोमायेलियाचं निदान झालेला एक नर प्रदर्शनात सर्वोत्तम ठरला आणि त्याच्यापासून पुढे पिल्लंही होत राहिली, असं त्यात दाखवलं होतं. ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला. बीबीसीनं २००९ पासून क्रफ्ट्स दाखवणं सोडलं. केनेल क्लबनं त्याच वर्षीपासून बाप-लेक, आई-मुलगा, सख्खी भावंडं अशा जोड्यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. तोपर्यंत ती होत होती, हे ऐकून तुम्हीही माझ्यासारखेच थबकला असाल. केंब्रिजचे प्राणिवर्तनतज्ज्ञ पॅट्रिक बेटसन यांची चौकशी झाली, तिचा अहवाल २०१० च्या जानेवारीत आला. २०१२ मध्ये एमआरआय वाचून श्रेणी देण्याची योजना सुरू झाली. पाहणारे तज्ज्ञ, ठरलेल्या श्रेण्या, कुत्र्याचं वय लक्षात घेऊन दिलेला निकाल, सगळं व्यवस्थित. मात्र योजना ऐच्छिक.

मधल्या काळात एक खरी चांगली गोष्टही घडली. या जातीत आणखी दोन आजार होते. एकात कुत्रं उत्साहात धावताना एकदम ताठरून पडायचं. दुसऱ्यात पिल्लू जन्मतःच कुरळ्या, राठ केसांचं आणि कोरड्या डोळ्यांचं व्हायचं, त्याला बहुधा मरण द्यावं लागायचं. हे दोन्ही आजार एकेका सुप्त जनुकाचे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन सदोष जनुकं मिळाली तरच आजार होतो. एकच मिळालं तर कुत्रा निरोगी राहतो, पण वाहक ठरतो. इंग्लंडच्या अॅनिमल हेल्थ ट्रस्टनं २०११ मध्ये दोन्हींची डीएनए चाचणी काढली. ती संस्था २०२० मध्ये बंद पडली, पण चाचणी राहिली. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की झालं. आणि वाहक सापडला तर त्याला बाद करायचीही गरज नाही. स्वच्छ जोडीदाराशी त्याची जोडी लावली तर एकही पिल्लू आजारी होत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे सदोष वगळत सुटलं तर उरणारी प्रजा आणखी आक्रसते, आणि आक्रसलेल्या प्रजेत नवे दोष वर येतात. चाळणी हवी, पण भोकं किती बारीक ठेवायची हेही कळायला हवं.

हृदय आणि कवटी यांची गोष्ट इतकी सोपी नाही. तिथे एक जनुक नाही, अनेक आहेत, म्हणून बोळा फिरवून उत्तर मिळत नाही. तिथे पुन्हा थांबणं, तपासणं, लिहून ठेवणं, आणि आजा-आजीचं काय झालं ते विचारणं एवढाच मार्ग.

हा मार्ग चालतो का? दोन शेजारी देशांचं उदाहरण देतो. स्वीडनमध्ये हृदयाच्या आवाजावर आधारलेली योजना २००१ पासून होती. त्या वर्षी जन्मलेली आणि २००३ मध्ये जन्मलेली कुत्री सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तर मर्मरच्या प्रमाणात फरक दिसला नाही. डेन्मार्कमध्ये स्टेथोस्कोपच्या जोडीला हृदयाची सोनोग्राफी होती, आणि तपासणी सक्तीची होती. तिथे २००२-०३ मधली आणि २०१०-११ मधली कुत्री ताडून पाहिली. झडपेच्या आजाराचा धोका ७३ टक्क्यांनी कमी झाला होता. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ-दहा वर्षांत! दोन्ही अभ्यास वेगवेगळे आहेत, त्यांची तंतोतंत तुलना करणं बरोबर नव्हे. पण मला त्या आकड्याचा अर्थ असा लागतो की हा आजार म्हणजे विधिलिखित नव्हे, आणि तो हटवण्याचं काम ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडून होत नाही. चांगली माणसं तपासण्या करतच होती. त्यांच्या शेजारचा करत नव्हता आणि त्याचं पिल्लू स्वस्त होतं.

नॉर्वेनं पुढचं पाऊल उचललं. तिथल्या प्राणिकल्याण कायद्याचं २५ वं कलम सांगतं की पैदास अशी व्हावी, जिच्यातून धडधाकट जनावरं निपजतील. प्राण्यांसाठी काम करणारी तिथली संस्था केनेल क्लब, जातींचे क्लब आणि काही पैदासकारांविरुद्ध कोर्टात गेली. विषय होता इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियरचा. २०२२ च्या जानेवारीत ओस्लोच्या कोर्टानं दोन्ही जातींची पैदास बेकायदा ठरवली. त्याच वर्षी अपिलात बुलडॉगच्या बाबतीतला निकाल फिरला, कॅव्हेलियरचा कायम राहिला. आणि १० ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही कॅव्हेलियरपुरतं तेच म्हटलं. घरी असलेलं कुत्रं पाळायला कुणाची हरकत नाही. पण शुद्ध कॅव्हेलियरचं शुद्ध कॅव्हेलियरशी जोडपं लावून पिल्लं काढणं त्या कायद्यात बसत नाही. शास्त्रीय पायावर, गांभीर्यानं केलेल्या संकराचा रस्ता मात्र मोकळा राहू शकतो.

संकर म्हटलं की खानदानवाल्यांच्या अंगावर काटा येतो. त्यांना डॅल्मेशियनची गोष्ट सांगावी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या त्या जातीत लघवीत युरिक अॅसिड साचण्याचा दोष सगळ्या कुत्र्यांत होता, खडे होऊन नर तडफडत. अमेरिकेत रॉबर्ट शायबल या जनुकतज्ज्ञांनी १९७३ मध्ये एका पॉइंटर कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या परत डॅल्मेशियनशीच जोडी लावली. दिसायला अस्सल डॅल्मेशियन, आजार गेलेला. तरीही त्यांना केनेल क्लबांच्या वहीत कायमची जागा मिळायला २०१०-११ उजाडलं. एका आज्याच्या कलंकासाठी जवळपास चाळीस वर्षं!

मला नॉर्वेचा निकाल पटतो. तो ऐकून माझ्या भाचीला वाईट वाटलं, तेही मला पटतं. नीट, थांबून, तपासून पैदास करणाऱ्या माणसालाही तो निकाल एकाच रेषेत उभा करतो. डेन्मार्कचा आकडा पाहता सक्तीची तपासणी सगळीकडे वीस वर्षं आधी आली असती तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती, असं म्हणायला जागा आहे. कवटीच्या दुखण्यासाठी ते पुरलं असतं का, याबद्दल मी इतका निर्धास्त नाही.

आपल्याकडे कॅव्हेलियर तसा कमी. पण एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत २००३ मध्ये पोराच्या मागे धावणारा पग आला आणि मुंबई-पुण्यात पगांची लाट आली, ती तुम्हाला आठवत असेल. नाक आत गेलेल्या त्या जिवाला आपल्या मे महिन्यात श्वास घेणं किती कठीण जातं, हे जाहिरातीत नव्हतं. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. पैदासकारानं राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, दीड वर्षाच्या आतल्या मादीला जोडीला लावायचं नाही, तिला आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेतं नकोत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. हे नियम चांगले आहेत. पण दीड वर्ष आणि पाच वर्षं यांमधलं अंतर अजून आपल्यालाच भरायचं आहे.

तेव्हा कुठल्याही जातीचं पिल्लू आणायला जाल, तर विकणारा ते आधी तुमच्या हातात देईल. हातात पिल्लू आलं की माणसाची अक्कल घरी जाते, हे त्याला ठाऊक असतं. ते घेण्याआधी त्याची आई दाखवा म्हणा. ती कितव्यांदा व्यालेली आहे ते विचारा. नोंदणीचा क्रमांक मागा. आजी जिवंत आहे का, असेल तर तिचं वय काय आणि तिला कुठलं औषध चालू आहे, ते विचारा. असले प्रश्न विचारल्यावर एखादा ब्रीडर वैतागेल. एखादा मात्र कपाटातून फाइल काढील, चहा ठेवील आणि तुम्हालाच उलटे प्रश्न विचारू लागेल की घरात लहान मुलं आहेत का, दिवसभर घरी कोण असतं, जिना आहे का. त्याच्याकडे बहुधा पिल्लू शिल्लक नसेल. पुढच्या वेतापर्यंत थांबा म्हणेल. थांबा.